यारीचा वायररोप : कापावा कसा, बांधावा कसा
(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषण)



रब्बीची ज्वारी निघाली, हरभरा घरात आला, की आपल्या मुरुडच्या शिवारात यारीची इंजिनं सुरू होतात. कुणाची नवी विहीर, कुणाचं जुन्या विहिरीचं खोलीकरण, कुणाचा नुसता गाळ काढायचा. पाण्याची गरज काय असते ते आपल्या भागाला सांगायला नको. 1972 चा दुष्काळ थोरांनी पाहिला, आणि 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते सगळ्यांनीच पाहिलं. तेव्हा विहीर खोदायची ती खोदायचीच. पण पाण्यासाठी माणूस गमवायचा नाही, एवढंच आज सांगायचं आहे.

विहिरीच्या कामावर जे अपघात होतात, त्यांतला एक प्रकार आपण दर उन्हाळ्यात ऐकतो किंवा वाचतो : यारीचा रोप तुटला, भरलेलं टोपलं खाली आलं, खाली काम करणारी माणसं दगावली. ऐकणारे म्हणतात, नशीब. मी म्हणतो, यात नशिबाचा वाटा थोडा आणि रोपाचा वाटा मोठा. रोप एकाएकी तुटत नाही. तो आधी सांगतो. आपण त्याच्याकडे बघत नाही.

तर आज आपण या वायररोपाविषयी बोलू. तो ओळखायचा कसा, कापायचा कसा, त्याचं टोक टोपल्याच्या आकड्याला बांधायचं कसं, आणि बाद केव्हा करायचा. हा रोप म्हणजे काही वांग्या-मिरचीचं रोप नव्हे. पण निगा त्यालाही तेवढीच लागते.

नाडा आणि वायररोप

आपल्या वाडवडिलांनी मोट हाकली. मोटेला नाडा असायचा आणि सोल असायचा. नाडा कुठं घासतो, कुठं विरतो, हे मोटकऱ्याला डोळे मिटून ठाऊक असायचं. नाडा विरला की तो सरळ गाठ मारायचा, आणि गाठ धरायची. कारण अंबाडीचा, तागाचा दोर मऊ असतो; एक पदर दुसऱ्या पदरात रुततो.

वायररोपाचं तसं नाही. तो पोलादी तारांचा. बारीक बारीक तारा एकत्र पिळून एक पेड होतो, आणि असे बहुधा सहा पेड मधल्या गाभ्याभोवती पिळून रोप तयार होतो. गाभा कधी तागासारख्या धाग्याचा असतो, कधी पोलादाचाच. सगळ्या तारा मिळून भार वाटून घेतात, हीच त्याची ताकद. या रोपाला गाठ मारली, की जिथं तो मुडपतो तिथल्या बाहेरच्या तारांवर सगळा ताण येतो आणि आतल्या तारा चेंगरतात. गाठ मारलेल्या रोपाची निम्मी ताकद जागच्या जागी गेली असं समजा. शिवाय पोलाद गुळगुळीत. गाठ सरकते ती वेगळीच. म्हणून पहिला नियम असा : वायररोपाला गाठ कधीही मारायची नाही.

हा वायररोप निघाला तोसुद्धा अशाच कामातून. जर्मनीतल्या हार्झ डोंगरात खोल खाणी होत्या. तिथं माल वर काढायला लोखंडी साखळ्या वापरत. साखळीची एक कडी तुटली की सगळंच खाली. तिथल्या विल्हेल्म आल्बर्ट नावाच्या खाण अधिकाऱ्यानं 1834 साली तारा पिळून दोर केला आणि खाणीत वापरून दाखवला. साखळीपेक्षा त्यात मोठा गुण हा, की एक तार तुटली तरी बाकीच्या भार धरून ठेवतात, आणि तुटलेली तार बाहेर येऊन दिसते. म्हणजे इशारा मिळतो. तो इशारा आपण वाचायला शिकलं पाहिजे.

हिशेब आधी, इंजिन नंतर

दुकानात रोप सुतात मागतात. तीन सुती म्हणजे जवळजवळ 10 मिलीमीटर, चार सुती म्हणजे जवळजवळ साडेबारा मिलीमीटर. रोप घेताना 'भारतीय मानक 2266' प्रमाणे आहे का ते विचारा, बिल घ्या, आणि किती टनाला तुटतो तो आकडा बिलावर लिहून मागा. भंगारातला, दुसऱ्याच्या क्रेनवरून उतरवलेला रोप स्वस्त मिळतो. पण दुसऱ्यानं तो का उतरवला, हे एकदा मनाशी विचारा.

आता हिशेब करू. चांगल्या नव्या 10 मिलीमीटर रोपाची तुटण्याची ताकद साधारण पाच टनांच्या आसपास असते. टोपलं तीन फूट रुंद आणि दोन फूट खोल धरा. त्यात सुमारे 14 घनफूट माल मावतो. आपला काळा पाषाण वजनाला भारी. फोडलेल्या दगडांनी हे टोपलं भरलं की माल सहाशे किलोच्या पुढं जातो. टोपल्याचं आणि आकड्याचं वजन धरून सात-आठशे किलो झाले.

तुम्ही म्हणाल, मग काय, पाच टनाचा रोप आणि पाऊण टनाचं ओझं. पण थांबा. टोक क्लॅम्पनं बांधलं, अगदी बरोबर बांधलं, तरी त्या जागी रोपाची ताकद शंभराला ऐंशी राहते. म्हणजे चार टन. क्लॅम्प उलटे बसवले तर त्याहून बरीच कमी. रोप दोन हंगाम वापरून झिजला, गंजला, तर निम्मी जाते. राहिले दोन टन. आता इंजिनवाल्यानं क्लच एकदम सोडला, टोपलं कडेच्या दगडाला अडकून सुटलं, की झटका बसतो. झटक्यात पाऊण टनाचं ओझं दीड टनाचं होतं, कधी त्याहून जास्त. दोन टनाच्या रोपावर दीड टन. राहिलं काय? म्हणून जाणकार लोक मालासाठी रोपाची ताकद ओझ्याच्या निदान पाचपट ठेवतात. तीन सुती रोप नवा असेपर्यंत त्यावर टोपलं काठोकाठ न भरता चालवावं. टोपलं मोठं असेल तर चार सुतीच घ्यावा.

पुलीचाही हिशेब आहे. रोप जेवढा जाड, त्याच्या निदान अठरा-वीसपट पुलीचा व्यास हवा. 10 मिलीमीटर रोपाला आठ इंची पुली. लहान पुलीवर रोप सारखा मुडपतो आणि आतल्या आत तारा तुटतात, त्या वरून दिसतही नाहीत. पुलीची खाच बोटानं चाचपून बघा. खाचेत जुन्या रोपाचे वळ उमटले असतील तर ती पुली नव्या रोपाला कानशीसारखी खाते.

भेंडोळं उलगडताना

नवा रोप भेंडोळ्यात येतो. भेंडोळं जमिनीवर आडवं ठेवून एक टोक वर ओढत गेलं, की रोपाला वेटोळे पडतात आणि ओढल्यावर त्या वेटोळ्याची आढी बसते. एकदा आढी बसली की ती हातोड्यानं सरळ करता येत नाही. वरून सरळ दिसली तरी आत तारा मोडलेल्या असतात. भेंडोळं बैलगाडीच्या चाकासारखं उभं धरून जमिनीवरून लोळवत न्यावं आणि रोप मागं सरळ पडू द्यावा. जमीन झाडून घ्या. रोपाच्या ग्रीसला माती लागली की ती आत जाऊन तारा घासते.

कापायचा केव्हा?

रोप कापायची वेळ तीन कारणांनी येते. नव्या भेंडोळ्यातून हवा तेवढा घ्यायचा असतो. किंवा टोपल्याकडचं टोक खराब झालेलं असतं. थिंबलजवळ, क्लॅम्पजवळ दोन तारा जरी तुटलेल्या दिसल्या, तरी तेवढा तुकडा कापून टाकून नवं टोक करायचं. तिसरं, आढी पडलेला किंवा चेंगरलेला भाग टोकाजवळ असतो, तो काढून टाकायचा. आढी रोपाच्या मध्यावर असेल तर मात्र कापून जोडायचं नाही. क्लॅम्प लावून मधे जोडलेला रोप पुलीवरून जात नाही, अडकतो, उडी मारतो, आणि जोड सुटतो. मधे खराब झालेला रोप यारीवरून उतरवायचाच.

कापण्याआधीची तयारी

टोपलं जमिनीवर टेकवा. इंजिन बंद करा. ड्रमला अडसर लावा. रोप हातानं हलवून बघा, तो सैल पडला पाहिजे. ताणलेला रोप कधीही कापू नका. ताणलेला रोप तुटला की त्याचं टोक चाबकासारखं उसळतं, आणि त्या वाटेत जो असेल त्याला सावरायला वेळ मिळत नाही.

डोळ्यांवर चष्मा हवा. ग्राइंडिंगवाल्याकडं असतो तो, कडेनंही झाकलेला. हातात चामड्याचे मोजे हवेत. तुटक्या तारेचं टोक गळासारखं असतं, हातात घुसलं की मांस घेऊन बाहेर येतं. सुती मोज्यात ते अडकून बसतं, म्हणून चामड्याचेच. लेकरं, बघे, शेळ्या, सगळे दहा-पंधरा पावलं लांब ठेवा.

कापण्याआधी बांधणी

ही पायरी आपल्याकडं सर्रास गाळतात, आणि सगळी खराबी इथूनच सुरू होते. रोप कापला की पिळलेले पेड मोकळे होतात आणि टोक झाडूसारखं पिसकारतं. एकदा पीळ सुटला की तो नुसता टोकाशी थांबत नाही. आत हात-दोन हात पेड सैल होतात. मग भार सहा पेडांवर सारखा न येता एक-दोन पेडांवरच येतो.

म्हणून कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना आधी तारेची बांधणी करायची. छताच्या सळया बांधायला मऊ काळी बाइंडिंग तार वापरतात, ती घ्या. रीत अशी :

कापायच्या जागी खडूची खूण करा. खुणेपासून एक बोट अंतर सोडा. बाइंडिंग तारेचं एक टोक रोपाच्या दोन पेडांमधल्या खाचेत लांबीनं ठेवा. मग उरलेली तार त्याच टोकावरून, वेढ्याला वेढा चिकटवून, घट्ट गुंडाळत या. दोन बोटं रुंद बांधणी झाली की दोन्ही टोकं पक्कडीनं एकमेकांत पिळा, पीळ घट्ट करा, जास्तीची तार कापून पीळ पेडांच्या खाचेत ठोकून बसवा. तिथून अडीच-तीन इंचांवर अशीच दुसरी बांधणी. खुणेच्या पलीकडच्या बाजूलाही दोन. अशा एकूण चार बांधण्या. बांधणी नखानं सरकत असेल तर ती झाली नाही असं समजा. चिकटपट्टी वरून लावली तर लावा. पण नुसत्या चिकटपट्टीवर भरवसा नको.

प्रत्यक्ष कापणं

सगळ्यांत बरं म्हणजे वायररोप कापायचा खास कटर. लातूरच्या मोठ्या हार्डवेअर दुकानात रोप घेतला तर तिथंच मापानं कापून घ्यावा; बांधणी मात्र डोळ्यांदेखत करून घ्यावी.

गावात आता ग्राइंडर असतो. कापायच्या पातळ चाकानं रोप स्वच्छ कापला जातो. रोप लाकडी ओंडक्यावर ठेवून खुणेच्या दोन्ही बाजूंना पक्का बांधा; हातात किंवा पायाखाली धरून कापू नका. चाकावरची जाळी काढलेला ग्राइंडर हातात घेऊ नका. ठिणग्या कुठं उडतात ते बघा. कडब्याची गंजी, डिझेलचा डबा आणि सुरुंगाचं सामान यांच्या आसपास हे काम करायचंच नाही.

वीज नसेल तर लोहाराकडं जा. ऐरणीवर रोप ठेवून छिन्नीनं कापतात. छिन्नीचं डोकं फुलून कडा फाटलेल्या असतील तर ती आधी घासून घ्या. घाव बसला की त्या कडा गोळीसारख्या उडतात. दगडावर ठेवून छिन्नी मारू नका. कुऱ्हाडीवर हातोडा मारून रोप तोडणं तर अगदीच वाईट. पोलादावर पोलाद आपटून कुऱ्हाडीचा तुकडा डोळ्यात जाण्याची धास्ती असते.

गॅसच्या ज्योतीनं किंवा वेल्डिंगनं कापणं टाळा. आचेनं टोकाजवळच्या तारांची ताकद जाते, आतला धाग्याचा गाभा जळतो, आणि पांढऱ्या जस्ती रोपाचा धूर छातीला वाईट. काही जण टोक पिसकारू नये म्हणून वेल्डिंगचा टाका मारतात आणि त्याच भागावर भार देतात. तसं करू नका.

टोक बांधणं : थिंबल आणि क्लॅम्प

आता मुख्य काम. रोप टोपल्याच्या आकड्यात नुसता वळवून घालायचा नाही. वळणात थिंबल पाहिजे. थिंबल म्हणजे कोयरीच्या आकाराची, बाहेरून खाच असलेली लोखंडी कडी. रोप त्या खाचेत बसतो, त्यामुळं वळण गोल राहतं आणि आकडा रोपाला घासत नाही. थिंबल रोपाच्या मापाचंच घ्या.

क्लॅम्पचे दोन भाग असतात. एक वाकवलेला यू बोल्ट. दुसरी त्याच्याखालची खाचा असलेली बैठक. ओतीव क्लॅम्प चिरतात, घडीव घ्या. हातात घेतल्यावर वजनदार लागला पाहिजे आणि नट शेवटपर्यंत सरळ फिरला पाहिजे.

थिंबलभोवती वळवल्यावर रोपाच्या दोन बाजू शेजारी येतात. एक बाजू वर पुलीकडं जाते, तीच सगळा भार ओढते. दुसरी बाजू म्हणजे उरलेली शेपूट. क्लॅम्पची बैठक नेहमी भार ओढणाऱ्या बाजूवर बसली पाहिजे आणि यू बोल्टचं वाकण शेपटीवर. कारण यू बोल्ट रोपाला चेंगरतो. चेंगरायचं तर शेपटीला. बैठक रुंद असते, तिच्या खाचांत पेड नीट बसतात. लक्षात ठेवायला सोपं सांगतो : जू असतं ते ओढणाऱ्या बैलाच्या मानेवर. तशी बैठक ओढणाऱ्या रोपावर. सगळे क्लॅम्प एकाच तोंडानं. एक इकडं आणि एक तिकडं असं नको.

किती लावायचे? यारीच्या कामाला तीनपेक्षा कमी कधीच नाही. मी तर म्हणेन चार लावा. एका क्लॅम्पची किंमत माणसापेक्षा मोठी नाही. दोन क्लॅम्पमधलं अंतर रोपाच्या जाडीच्या सहापट ठेवावं. तीन सुती रोपाला अडीच इंच, चार सुतीला तीन इंच. म्हणजे थिंबलपासून शेपूट तीन सुतीला निदान एक फूट आणि चार सुतीला सव्वा फूट सोडावी लागते. शेपूट आखूड ठेवून रोप वाचवू नका.

लावण्याचा क्रम असा :

1. थिंबल आकड्याच्या कडीत किंवा डी शॅकलमध्ये घाला, रोप वळवा, शेपूट मापानं सोडा.
2. पहिला क्लॅम्प शेपटीच्या टोकाजवळ. तो पूर्ण घट्ट करा. दोन्ही नट आलटून पालटून फिरवा, म्हणजे बैठक तिरकी होणार नाही.
3. दुसरा क्लॅम्प अगदी थिंबलला लागून. तो आधी हलकाच आवळा.
4. उरलेले दोन मधे, सारख्या अंतरावर, हलके आवळलेले.
5. आता रोपाला थोडा ताण द्या, म्हणजे दोन्ही बाजू सरळ होतील. मग सगळे नट पूर्ण आवळा.

किती आवळायचं? फूटभर लांब पान्हा घ्या. तीन सुती रोपाला त्या पान्ह्याच्या टोकावर वीस किलो वजन टांगल्याइतका जोर पुरे, चार सुतीला तीस किलो. पान्ह्याला पाइप लावून लोंबकळू नका. आटे जातात आणि क्लॅम्प आवळल्यासारखा दिसतो, पण धरत नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. पहिलं भरलेलं टोपलं फूटभर उचला, थांबा, खाली ठेवा. खाली विहिरीत तेव्हा माणूस नसावा. ताण बसला की रोप थोडा बारीक होतो आणि आवळलेले क्लॅम्प सैल पडतात. सगळे नट पुन्हा आवळा. नंतर रोज सकाळी काम सुरू करण्याआधी पान्हा लावून बघायचाच. शेवटच्या क्लॅम्पजवळ शेपटीवर खडूची खूण करून ठेवा. खूण सरकलेली दिसली तर शेपूट सरकते आहे. काम तिथंच थांबवा.

ड्रमकडचं टोकही असंच महत्त्वाचं. ते ड्रमला त्याच्या पट्टीखाली पक्कं आवळा. टोपलं विहिरीच्या तळाला टेकलेलं असताना ड्रमवर निदान तीन वेढे शिल्लक राहिले पाहिजेत. विहीर खोल जाते, रोज हात-दोन हात उतरते, आणि वेढे कमी कमी होत जातात. एक दिवस सगळा भार त्या पट्टीवर येतो. काम सुरू करताना साठ फुटांना पुरणारा रोप पुढं पुरत नाही, हे आधी मोजून ठेवा.

रोप बाद केव्हा?

आठवड्यातून एकदा, आणि सुरुंग उडवल्यावर प्रत्येक वेळी, रोप पूर्ण उलगडून बघा. सुरुंगाआधी रोप आणि टोपलं वर काढून लांब ठेवावं. दगडाचा मार बसलेला रोप वरून शहाणा दिसतो. बघताना जुन्या गोणपाटाचा तुकडा रोपाभोवती धरून हळू सरकवा, मोजे घालूनच. जिथं गोणपाट अडकेल तिथं तार तुटलेली आहे. तिथं खडू मारा.

मग मोजा. एक पेड रोपाभोवती एक पूर्ण फेरा घेतो ती लांबी धरा; तीन सुती रोपात ती अडीच इंचांच्या आसपास भरते. तेवढ्या लांबीत सगळ्या पेडांत मिळून सहा तारा तुटलेल्या असतील, किंवा एकाच पेडातल्या तीन, तर रोप बाद. दहा मिलीमीटरचा रोप झिजून नऊ मिलीमीटरवर आला तर बाद. आढी पडली, एखादा पेड फुगून बाहेर आला, गाभा दिसू लागला, आत गंज लागून लाल पूड गळू लागली, आच लागली, तरी बाद.

बाद रोप कोपऱ्यात गुंडाळून ठेवू नका. पुढच्या वर्षी कुणीतरी तो चांगला समजून यारीवर चढवतो. त्याचे हात-हात लांबीचे तुकडे करून भंगारात घाला.

रोपाला तेल लागतं, पण इंजिनातलं जळकं ऑइल नको. त्यात धातूची पूड आणि घाण असते. तारेच्या ब्रशनं रोप साफ करून त्याला रोपाचं ग्रीस किंवा स्वच्छ गिअर ऑइल फडक्यानं चोळा. पावसाळ्यात रोप उतरवून, तेल लावून, छपराखाली फळीवर ठेवा. ओल्या जमिनीवर नाही.

माणसाचं काय?

आता कान देऊन ऐका. टोपल्यात बसून, आकड्यावर पाय ठेवून विहिरीत उतरायचं नाही. "रोजचंच हाय, काय होत न्हाई," असं म्हणतात. यारी माल उचलायला केलेली असते. तिच्यावर माणसासाठी लागणारा दुसरा ब्रेक नसतो, की दुसरा रोप नसतो. उतरायला लोखंडी शिडी लावा, वरून पक्की बांधा. कमरेला पट्टा आणि वेगळा दोर असला तर फार चांगलं.

टोपलं हलल्यापासून ते वर जाऊन बाजूला रिकामं होईपर्यंत त्याच्या खाली कुणी थांबायचं नाही. विहिरीत जागा कमी असते हे खरं. पण सगळ्यांनी एका कडेला, टोपल्याच्या वाटेपासून लांब उभं राहायचं आणि हात थांबवायचे. टोपलं काठोकाठ भरायचं नाही. चार बोटं रितं ठेवायचं, म्हणजे वरचा दगड घरंगळणार नाही. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर टोप हवाच. वर एक माणूस फक्त इशारा द्यायला ठेवा, आणि इंजिनवाल्यानं त्याचंच ऐकायचं.

तारेचं टोक हातात घुसलं तर जखम साबण-पाण्यानं धुऊन दवाखान्यात जा आणि धनुर्वाताच्या सुईचं विचारा. डोळ्यात कण गेला तर डोळा चोळू नका, पदरानं काढू नका, घरचं औषध घालू नका. डोळा स्वच्छ कापडानं हलका झाकून लगेच डॉक्टरकडं न्या.

बोअरची मोटार सोडताना

आता विहिरींइतकेच बोअर झाले. पाणबुडी मोटार सोडताना आधाराला काही जण वायररोप लावतात. तिथंही रीत हीच : थिंबल, तीन क्लॅम्प, बैठक भार ओढणाऱ्या बाजूवर. पाण्यात राहणारा रोप जस्ती किंवा न गंजणाऱ्या पोलादाचा असावा आणि क्लॅम्पही त्याच धातूचे असावेत. मोटार वर काढताना तोच जुना रोप ओढायला वापरू नका. पाण्यात वर्षानुवर्षं राहिलेल्या रोपाचा भरवसा नसतो.

विहीर तुमची आहे

आपल्याकडं विहिरीचं काम बहुतेक गुत्तेदाराला उक्तं देतात. यारी त्याची, रोप त्याचा, मजूर त्याचे. मग शेतकरी म्हणतो, आपण कशाला बोलायचं? बंधूंनो, रोप तुमचा नसेल, पण विहीर तुमची आहे. खाली उतरणारा मजूर बहुधा लांबून आलेला असतो. त्याची बायको-लेकरं तुमच्याच बांधावर पाल ठोकून राहतात. सौदा ठरवतानाच सांगा : रोप दाखव, क्लॅम्प दाखव, मग नारळ फोडू. रोप जुना असेल तर नव्या रोपाचे पैसे धरून भाव ठरवा. चार रुपये जास्त गेले तरी हरकत नाही. चांगला गुत्तेदार या बोलण्यानं रागावत नाही. आणि जो रागावतो, त्याला काम देण्याआधी दोनदा विचार करावा.

थोडक्यात पुन्हा सांगतो. घरात भिंतीवर लावून ठेवा.

• वायररोपाला गाठ नाही, मधे जोड नाही.
• कापण्याआधी दोन्ही बाजूंना दोन-दोन बांधण्या. ताणलेला रोप कापायचा नाही.
• डोळ्यांवर चष्मा, हातात चामड्याचे मोजे.
• वळणात थिंबल, बैठक ओढणाऱ्या रोपावर, यू बोल्ट शेपटीवर, चार क्लॅम्प.
• पहिल्या भारानंतर पुन्हा आवळणी, मग रोज सकाळी.
• ड्रमवर तीन वेढे कायम.
• एका फेऱ्यात सहा तारा तुटल्या, किंवा एका पेडात तीन, की रोप बाद.
• टोपल्यात माणूस नाही, टोपल्याखाली माणूस नाही.

यंदा ज्यांच्या विहिरीचं काम निघणार आहे, त्यांनी उद्या सकाळी एवढंच करावं : गोणपाटाचा एक तुकडा आणि एक पान्हा घेऊन यारीपाशी जावं. अर्ध्या तासाचं काम आहे. तुमच्या विहिरीला भरपूर पाणी लागो, आणि खाली उतरलेला प्रत्येक माणूस संध्याकाळी आपल्या पायांनी वर येवो.

राम राम.